बीसीएमवर ठपका ठेवण्याआधी आम्हाला थांबवणाऱ्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

त्या एसयूव्हीचा बीसीएम, म्हणजे दिवे, लॉक, वायपर चालवणारी 'बॉडी कंट्रोल मॉड्यूल' नावाची इलेक्ट्रॉनिक पेटी, बदलून झाला, गाडी मालकाच्या ताब्यात गेली, आणि तुमचे आभार मानायचे तसेच राहिले. पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. तुम्ही दाखवलेलं इतर गॅरेजांतल्या वायरमनांच्याही उपयोगी पडेल.

पाऊस नसताना वायपर फिरतोय, सेंट्रल लॉक आपोआप टकटक करतंय, केबिनचा दिवा विझत नाही आणि रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी बसलेली. एवढं एकदम दिसलं की कोणीही बीसीएमकडेच बोट दाखवणार. आम्हीही दाखवलं होतं. तुम्ही पाना खाली ठेवायला लावलात आणि हातात मीटर दिलात, त्यासाठी पहिले आभार.

सुरुवात बॅटरीपासून केलीत. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेलं तर मॉड्यूल, म्हणजे गाडीतल्या अशा सगळ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या, मध्येच रिसेट होतात आणि दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर खोट्या दोष-कोडांची रांग लागते. मग बीसीएमच्या फ्यूजा. या पेटीला एकच सप्लाय येतो असं समजणं हीच पहिली चूक. दिवे, लॉक, वायपर यांचे सप्लाय वेगळे, प्रत्येकाची फ्यूज वेगळी, काही कायम चालू तर काही इग्निशनवरच्या. एक फ्यूज उडाली तरी पेटी अर्धी जिवंत असते आणि वेड्यासारखी वागते.

अर्थिंग ओहमवर तपासू नका, हे तुमचं सांगणं आता भिंतीवर लिहिलंय. जाड वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्याजवळचाच आकडा दाखवतो. दिवे, ब्लोअर, काचेचा हीटर चालू करून बीसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्ट मोजायचे. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक, त्याहून जास्त आलं तर अर्थचा बोल्ट सोडवून रंग-गंज खरवडायचा.

यू०१४० या कोडाचा अर्थही आम्ही चुकीचा लावत होतो. इतर मॉड्यूलना बीसीएमचा आवाज ऐकू येत नाही, एवढंच तो कोड सांगतो. बीसीएम मेला असं तो म्हणत नाही. सप्लाय गेला, अर्थ सुटली, वायर तुटली तरी हाच कोड येतो. बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ६० ओहमच्या आसपास मिळालं, म्हणजे कॅन लाइनच्या (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींच्या) दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० दाखवलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. मध्ये गेटवे, म्हणजे वेगवेगळ्या लाइनींना जोडणारं मॉड्यूल, असलेल्या गाडीत हा आकडा सॉकेटपासून गेटवेपर्यंतचाच असतो, ही तुमची पुस्तीही लक्षात आहे.

खरा निवाडा झाला तो लाइव्ह डेटावर, म्हणजे बीसीएमला त्या क्षणी काय कळतंय ते स्कॅनरवर बघून. दार उघडलं की स्कॅनरवर 'उघडं' दिसतं का? दिसत नसेल तर दोष बीसीएमपर्यंत येणाऱ्या बाजूला आहे. दाराचा स्विच, किंवा दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतली वायर. तिथे वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं वाकून वाकून तुटतं, म्हणून ती वायर बोटांनी ताणून बघायची. डेटा बरोबर येतोय पण काम होत नाही, तर स्कॅनरवरून हुकूम द्यायचा आणि बीसीएमच्या त्या पिनेवर टेस्ट लॅम्प लावायचा. लॅम्प पेटला तर दोष पुढच्या वायरीत किंवा मोटारीत. सगळे सप्लाय, सगळ्या अर्थ बरोबर असूनही लॅम्प पेटला नाही, तरच पेटी दोषी. आमच्या गाडीत ती दोषी निघाली, पण आता कारणासकट.

कारण पाणी होतं. कनेक्टर काढल्यावर पिनांवर हिरवट-पांढरा थर दिसला. आम्ही क्लीनर शोधत होतो आणि तुम्ही वर सनरूफकडे बघत होतात. सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या निघतात. पुढच्या दोन काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात. पाला-धुळीने नळी तुंबली की चौकट भरते, पाणी आत सांडतं आणि वायरिंगचा जुडगा त्याच्यासाठी पन्हाळीचं काम करतो. वायर जिथे संपते तिथे कनेक्टर, आणि कनेक्टरमागे बीसीएम. कपभर पाणी चौकटीत ओतून ते गाडीखाली लगेच टपकतंय का बघायचं. तुंबलेल्या नळीत जोराची हवा मारू नये, कारण छताच्या आत नळी तोटीवरून निसटते आणि पुढच्या पावसात त्याहून मोठा घोळ होतो. जाड नायलॉनची दोरी हळूहळू सरकवायची. नळी साफ न करता नवा बीसीएम बसवला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता. गालिच्याखालचा फोम वाळवायला दिवस गेला, तो खर्चात धरायला लावलात हेही बरं झालं.

जुना बोर्ड अल्कोहोलने धुऊन चालवू, असं आमच्यातल्या एकाने सुचवलं होतं. गंज चिपच्या पायांखाली शिरलेला असतो, धुतल्यावर चार दिवस चालतं आणि मग रात्री रस्त्यात हेडलाइट जातात. डेटा वाचायला धुवा, परत बसवायला नको, हे तुमचं उत्तर पटलं. धुतल्यावर तो थोडा वेळ बोलला, आणि तेवढ्यात तुम्ही त्याचं सगळं कोडिंग वाचून ठेवलंत. संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा अर्धा तास तोच. गाडीत सनरूफ आहे, मागचा वायपर आहे, रेन सेन्सर आहे, फॉग लॅम्प आहेत की नाहीत, हे सगळं त्या कोडिंगमध्ये असतं. नव्या पेटीला ते चुकीचं सांगितलं तर नसलेल्या दिव्याचा बल्ब उडाल्याचा संदेश कायम येत राहतो. टायर प्रेशर सेन्सरचे आयडीही पुष्कळ गाड्यांत इथेच असतात.

पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, हा आग्रहही योग्य होता. बाहेरून पेटी तीच, कनेक्टर तेच, पण आतलं हार्डवेअर वेगळं असू शकतं. भंगारातल्या बीसीएममध्ये दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर आणि दुसऱ्याच्या चाव्या बसलेल्या असतात. काही गाड्यांत त्या पुसताच येत नाहीत. मग स्वस्त पेटी शोकेसमध्ये ठेवायची.

काढताना तुम्ही लावून दिलेला क्रम तसाच पाळला. एक काच खाली, बोनेट आणि डिकी उघडी, कारण बॅटरी काढल्यावर विजेवरचं लॉक उघडत नाही. चावी गाडीपासून लांब. इग्निशन बंद करून गाडी झोपेपर्यंत थांबायचं, मग आधी निगेटिव्ह काढायचा. पुढे एअरबॅगसाठी मॅन्युअलमध्ये दिली असतील तितकी मिनिटं हात बांधून बसायचं आणि पिवळ्या कनेक्टरच्या वाटेला जायचं नाही. कनेक्टरांचे फोटो काढायचे. लीव्हरचं कनेक्टर स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही, लीव्हर पूर्ण फिरला की ते आपोआप वर येतं. आणि पोकळ टर्मिनलमध्ये मीटरची जाड टोचणी खुपसायची नाही. टर्मिनल फाकतं, मग खड्ड्यात गाडी उडाली की दोष येतो आणि सपाट रस्त्यावर जातो. तो दोष शोधणं म्हणजे शिक्षा.

पेटी उतरवायला आणि चढवायला लागली जेमतेम वीस मिनिटं. खरं काम प्रोग्रामिंगचं. साधा चार्जर चालणार नाही, त्याच्या व्होल्टेजमध्ये लहरी असतात. स्थिर १३.५ व्होल्टच्या आसपास देणारा पॉवर सप्लाय बॅटरीला लावायचा. दिवे बंद, ब्लोअर बंद, लॅपटॉप स्वतःच्या चार्जरवर. मध्येच सप्लाय तुटला तर नवी पेटी जागीच मरू शकते. आधी सॉफ्टवेअर, मग चेसिस नंबर, मग कोडिंग, आणि सगळ्यांत शेवटी चाव्या आणि इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं चोरीविरोधी कुलूप. चाव्या शिकवायला लागलात की पुष्कळ गाड्या जुन्या चाव्या विसरतात, म्हणून घरातली दुसरी चावीही मागवून घ्यायची. काही गाड्यांत इमोबिलायझर जुळायला दहा-दहा मिनिटं तीनदा थांबावं लागतं. अशा वेळी अधीर माणसाला गॅरेजबाहेर चहाला पाठवा, हा तुमचा उपाय अचूक ठरला.

नंतरची कामं छोटी. काचांची वन-टच, सनरूफची बंद स्थिती, स्टीअरिंग अँगल, टायर सेन्सर. कोड पुसून गाडी फिरवून पुन्हा पूर्ण स्कॅन.

झोपेचा करंट, म्हणजे बंद उभी गाडी बॅटरीतून ओढते तो, मात्र तुम्ही स्वतः उभं राहून मोजायला लावलात. दार उघडंच, पण लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केलेलं, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलं. वीस ते चाळीस मिनिटं थांबायचं, मग ५० मिलिअँपियरच्या खाली आलं पाहिजे. मीटर सिरीजमध्ये असताना कोणी लॅच उघडला किंवा इग्निशन चालू केलं तर सगळे मॉड्यूल एकदम जागे होतात आणि मीटरची फ्यूज जाते. आमची गेलीच. आकडा शेवटी २८ वर स्थिरावला.

एलईडी इंडिकेटर आणि जादा हॉर्न बीसीएमच्या वायरीला थेट टोचून लावण्याबद्दल तुम्ही जे बोललात ते इथे छापण्यासारखं नाही, पण मुद्दा खरा आहे. एलईडी कमी करंट घेतो, बीसीएमला बल्ब उडाला असं वाटतं आणि इंडिकेटर भराभर लुकलुकतो. हॉर्न उलट जास्त ओढतो आणि आतला ट्रान्झिस्टर जाळतो. रिले लावा, सप्लाय बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजमधून घ्या, बीसीएमकडून फक्त इशारा घ्या. आता येणाऱ्या प्रत्येक गाडीला आम्ही हेच करतो.

तुमची बारीक टोचण्यांची डबी आमच्याच ड्रॉवरमध्ये राहिली आहे. त्यातली एक वाकली, तिच्या जागी नवी घातली आहे. पुढच्या खेपेला आठवणीने घेऊन जा.

आपले,
गॅरेजमधली मंडळी