अळिंबीची पुडी नको, ताटातली भाजी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'शुगर जाते, कॅन्सर होत नाही' असे सांगून अळिंबीची (मशरूमची) भुकटी विकली जाते. धिंगरी (ऑयस्टर) अळिंबी उत्तम अन्न आहे, औषध नव्हे. तिच्यातील बीटा-ग्लुकन या तंतुमय घटकाने कोलेस्टेरॉल उतरल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे. तिच्या भरवशावर गोळ्या बंद करणे जिवावर बेतू शकते.

खरा लाभ ताटातल्या बदलात आहे. १०० ग्रॅम ताज्या धिंगरीत जवळपास ९० ग्रॅम पाणी आणि प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम. तळलेल्या बटाट्याऐवजी ती खाल्ली तर फायदा, वरणाऐवजी खाल्ली तर तोटाच. जाहिरातीतले '२५-३० टक्के प्रथिने' वाळलेल्या अळिंबीचे असतात, आणि १ किलो वाळलेलीला सुमारे १० किलो ताजी लागते.

ड जीवनसत्त्वाचे मात्र लोकांना कोणी नीट सांगत नाही. अळिंबीतल्या अर्गोस्टेरॉल या घटकाचे ड-२ (ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार) उन्हातल्यासारखे अतिनील किरण लागल्यावरच बनते. खोलीत वाढून थेट फ्रिजमध्ये गेलेल्या पाकिटात ते नगण्य असते. काप करून, छत्रीखालच्या पापुद्र्यांची बाजू वर ठेवून, सकाळी ११ ते दुपारी २ मध्ये अर्धा-पाऊण तास उन्हात ठेवावी. खिडकीच्या काचेआड नको, काच नेमके तेच किरण अडवते. भाजी केल्यावरही ड-२ बरेचसे टिकते. आपल्याकडे उन्हाला काय तोटा!

कच्ची खाऊ नये. तिच्या पेशींच्या भिंतीतले कायटिन पचायला जड. प्रथमच खाणाऱ्याने ५० ग्रॅमवर थांबावे. यूरिक ॲसिड वाढलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे.

पिकवणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम. सोयाबीनचे भुसकट किंवा गव्हाचे काड रात्रभर भिजवून ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. आरोग्यासाठी खायच्या वस्तूला कार्बेन्डाझिम-फॉर्मेलिनसारखी बुरशीनाशक-जंतुनाशक रसायने कशाला? निथळलेले भुसकट मुठीत दाबल्यावर तळवा ओला व्हावा, थेंब गळू नये. पाणी राहिले की हिरवी बुरशी येते आणि भुसकट भरलेली लागवडीची पिशवी वाया जाते.

पावसाळ्यात बांधावर उगवलेल्या अनोळखी छत्र्या खाऊ नयेत. चांदीचा चमचा काळा पडणे, किड्यांनी खाल्लेले असणे या कसोट्या खोट्या आहेत. प्राणघातक विष उकळूनही जात नाही आणि उलट्या-जुलाब ६ ते १२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात. अशा वेळी उरलेला तुकडा असल्यास सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

— काही अळिंबी उत्पादक व आहारतज्ज्ञ, परभणी जिल्हा