मंत्रीसाहेब, आमच्या सड्यांचा पुरावा कुजतोय

सन्माननीय मंत्रीसाहेब,

नमस्कार. मी वनस्पतीशास्त्र शिकवून रिटायर झालेली बाई. आयुष्यभर गोव्याच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, फिरून गोळा केलेली, प्रेसमध्ये दाबून वाळवून कागदाच्या शीटवर चिकटवलेली झाडं मी एका सरकारी संस्थेला दिली. परवा जाऊन कपाट उघडलं तर कुबट वास. सीतेची आसवं या सड्यावरच्या फुलझाडाच्या शीटवर फुलाच्या जागी बुरशी, बाकीच्यांच्या देठांना भोकं आणि खाली बारीक पीठ पडलेलं. लेबलवरचं माझं अक्षर तेवढं शाबूत. घरी येऊन जेवण गेलं नाही मला.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, देतो असं तुमच्या खात्याने स्टेजवरून सांगितलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. तो आलाच नाही. एसी आहे, पण ऑफिस सुटलं की बंद. अहो, दिवसभर थंड ठेवलेल्या कागदांवर रात्री पावसाळी हवा आली की ओल धरणारच ना! हर्बेरियमला, म्हणजे अशा वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाला, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास लागते, आपल्याकडे जुलैत ती ९० ला टेकते. विचारलं तर म्हणे डांबरगोळ्या टाकल्यात. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही. किडा लागला तर शीट प्लास्टिकमध्ये सील करून वजा २० डिग्रीत दोन आठवडे ठेवायच्या आणि बाहेर काढल्यावर नॉर्मल तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, एवढंच करायचं असतं. एक डीप फ्रीझर परवडत नाही या सरकारला? मांडव, बॅनर, उद्घाटनं सगळं परवडतं!

गार्सिया द ओर्तांनी औषधी झाडांवर लिहिलेलं पुस्तक १५६३ साली याच गोव्यात छापलं. पणजीत त्यांच्या नावाची बाग आहे. आणि आज आमच्या पोरांनी गोव्याचं झाड ताडून बघायला पुण्याला किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमला जायचं?

खरा राग वेगळाच आहे. सड्यावर प्रोजेक्ट आला की पहिलं वाक्य ठरलेलं, तिथे काय आहे, नुसते दगड. जून ते सप्टेंबर तिथे काय फुलतं ते बघायला फाईलवाले एप्रिलात येतात. तेव्हा गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलेली शीट हाच आमच्या हातातला पुरावा. सडा गेला की ती झाडं परत आणता येत नाहीत, आणि शीटही गेली तर ती तिथे होती हे दाखवायचं कशावरून? पुरावा कुजू देणारं आणि सडे पडीक ठरवणारं सरकार एकच आहे साहेब.

एसी चोवीस तास चालू ठेवा, डीह्युमिडिफायर आणि फ्रीझर या पावसाच्या आत बसवा, आणि शिकलेला क्युरेटर कायमचा नेमा, कंत्राटावर नको. जमत नसेल तर तसं लेखी द्या, माझ्या उरलेल्या शीट मी घरी घेऊन जाते.

एक निवृत्त शिक्षिका, सत्तरी तालुका