निवटी पाहिली, म्हणून हे पत्र

बोरिवली, मुंबई

प्रिय जुई,

परवा दिल्लीहून फोनवर म्हणालीस, "मी एवढी रडत होते, तरी बाबा 'परत ये' म्हणाला नाही." तेव्हा मला बोलणं सुचलं नाही. आज लिहिते.

रविवारी तुझ्या मावशीकडे गोराईला जायला जेट्टीवर उभी होते. ओहोटी होती, बोट पलीकडे. खाली चिखल उघडा पडलेला, तिवरांची श्वसनमुळं वर आलेली. त्यांच्यामधून बोटभर लांबीचं काहीतरी सरपटत होतं. डोळे टपोरे, पार डोक्यावर. मध्येच टुणकन उडी मारायचं. शेजारच्या कोळीणबाई म्हणाल्या, "निवटी हाय ती. मावरंच." तिचं कालवण कसं करायचं तेही त्यांनी सांगितलं, पण माझे डोळे त्या चिखलावरून हलेनात. मासा पाण्याबाहेर, आणि तडफडत नाही!

घरी येऊन बरंच वाचलं. निवटी छातीच्या परांवर रेलून चालते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते, आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. त्यासाठी अंग ओलं राहायला हवं. म्हणून ती डबक्यात लोळून येते, डोळेसुद्धा खोबणीत ओढून भिजवते. तू मात्र म्हणतेस, "सारखा घरी फोन केला तर मी इथली कधी होणार?" कर गं फोन. दिल्लीत रुळायचं म्हणून मुंबई अंगावरून पुसून टाकायला नको.

पण मला बाबाबद्दल लिहायचंय. निवटीची अंडी चिखलातल्या बिळात असतात, आणि तिथल्या पाण्यात प्राणवायू फार थोडा. जपानमधल्या एका जातीचा अभ्यास झालाय. ओहोटीच्या वेळी नर बाहेर येतो, तोंडात हवा भरतो आणि आत नेऊन सोडतो. पुन्हा येतो, पुन्हा नेतो. अंडी त्या हवेत वाढतात. पिल्लं तयार झाली की भरतीच्या वेळी तोच नर ती हवा तोंडाने बाहेर काढून टाकतो. मग पाणी आत चढतं, अंडी बुडतात आणि तेव्हा ती फुटतात.

हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसले. अकरावीत तू लोकलच्या गर्दीला घाबरायचीस. तुला लेडीज डब्यात चढवून बाबा शेजारच्या डब्यात बसायचा, अंधेरीला कॉलेजपर्यंत सोडायचा आणि उलट्या गाडीने दहिसरला कामावर जायचा. त्याला दोनदा लेटमार्क लागला, हे तुला कधी कळू दिलं नाही. तू रडलीस त्या रात्री फोन ठेवल्यावर तो गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. 'ये' हा शब्द त्याच्या ओठांवर आलेला मी पाहिलाय. त्याने तो गिळला. मासा हे ठरवून करत नसेल. बाबाने ठरवून केलं, आणि त्याला ते फार जड गेलं. तुझं तिथे निभेल, अशी त्याची खात्री आहे. माझीही आहे.

गणपतीला ये. राजधानीचं तिकीट आत्ताच बघून ठेव, नंतर मिळत नाही. आणि बाबाला फोन तू कर, रात्री जेवणं झाल्यावर. तो वाट बघतो, पण स्वतःहून करायचा नाही.

तुझी,
आई