शिबिराचे सगळे लेख एकसारखेच कसे?

महोदय,

मी टीवाय बीएला आहे. कॉलेजच्या वार्षिकांकाच्या विद्यार्थी मंडळात असल्याने यंदा एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिरावरचे लेख वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगते, तीन-चार वाचले की पुढचे न वाचताच कळतात. 'श्रमदानाचं महत्त्व पटलं', 'आयुष्याला नवी दिशा मिळाली', मग सरांचे आभार. काही तर सरळ एआयकडून लिहून घेतलेले, एक ओळसुद्धा अडखळत नाही.

एकच लेख वेगळा निघाला. त्या मुलाने ओढ्याचं पाणी अडवायच्या वनराई बंधाऱ्याबद्दल लिहिलं होतं, की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून तोंडं शिवली आणि आम्ही एकावर एक सरळ रचत सुटलो, तर गावातल्या एक आजी काठावरून ओरडल्या, 'आरं सांध्यावर सांधा आला, पाणी राहील व्हय?' मग सगळ्या गोण्या काढून विटांसारख्या सांधेमोड करून परत लावल्या. पुढे त्याने उद्घाटनाच्या भाषणांत अर्धी सकाळ गेली तेही लिहिलंय, आणि सात दिवसांत आपण गावाला काय दिलं यापेक्षा गावाने आपल्याला जेवायला किती घातलं हेच जास्त आठवतं, असंही.

यातले शेवटचे दोन्ही परिच्छेद लाल पेनने कापून आले, 'अहवालात असे लिहू नये'.

मग पोरं खरं लिहितील कशाला? एनएसएस १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला सुरू झाली, आज मात्र दोन वर्षांत २४० तास भरायचे, सर्टिफिकेट घ्यायचं आणि अहवाल म्हणजे त्या तासांची पावती असं होऊन बसलंय. त्यात नवीन शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग आलं, त्यांचेही अहवाल, म्हणजे हे असलं लिखाण वाढतच जाणार. प्राध्यापकांवर पेपर तपासण्याचा लोड असतो हे मान्य, पण पंधरा पानांच्या फाइलऐवजी हाताने लिहिलेलं एक पान मागा ना, घरच्या बोलीत असलं तरी चालेल, आणि फक्त शुद्धलेखन तपासा, मत नको.

तो लेख कापलेल्या परिच्छेदांसकट छापावा म्हणून मी सरांच्या मागे लागलेय, अजून हो म्हणाले नाहीत.

– एक विद्यार्थिनी, जि. सातारा