आमचे कीसपाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वकिलांच्या टोपणनावांवरचा लेख वाचला. हसू यावे असा होता, आले नाही. शब्दांचा कीस पाडणारा वकील म्हणजे ‘फिलाडेल्फिया लॉयर’, एवढे लिहून लेखकमहाशय मोकळे! ज्यांच्यावरून हे नाव पडले असे सांगतात ते फिलाडेल्फियाचे वकील अँड्र्यू हॅमिल्टन १७३५ साली न्यूयॉर्कात झेंगर या मुद्रकाच्या बाजूने उभे राहिले आणि सरळ कबूलच करून बसले, की हो, मजकूर माझ्या अशिलाने छापला. पण छापले ते खरे असेल तर बदनामी कसली? ज्यूरीने झेंगरला सोडले. आमच्याकडे ‘छापला’ की ‘छापवला’ यावरच चार तारखा पडल्या असत्या.

अतिशयोक्ती नाही. आमचा वाटणीचा दावा ठाण्यात चालू होता. जुन्या खरेदीखतात ‘मौजे पांचपाखाडी’, आमच्या दाव्यात ‘पाचपाखाडी’. समोरचे वकील उठले: मग ही मिळकत नक्की कुठल्या गावची? नकलेवरचा तो ठिपका अनुस्वाराचा की माशीचा, हे बघायला कागद खिडकीपाशी उजेडात धरला गेला. मी जन्मापासून तिथेच राहतो हे सांगायला तोंड उघडले, तर आमच्याच वकिलांनी कोपराने ढोसले. मग दुरुस्तीचा अर्ज, त्यावर त्यांचे म्हणणे, युक्तिवाद, हुकूम. एका टिंबापायी पावणेदोन वर्षे गेली.

घरात आम्ही त्या गृहस्थांना ‘कीसपाडे’ म्हणायचो. आईला ते आडनावच वाटले. एका तारखेला तिने शिपायाला विचारले, “कीसपाडे वकील आले का हो?” त्याने मान वर न करता कँटीनकडे हात केला.

कोर्ट नाक्यावर कटिंग चहाबरोबर असले शब्द फुकट मिळतात. तुमच्या लेखकांना त्यासाठी सातासमुद्रापार का जावे लागले, आणि तेही भल्या माणसाचे नाव भलत्याला चिकटवायला, हे तेच जाणोत.

जाता जाता एक. त्याच अंकात पान तीनवर पाणीकपातीच्या बातमीत ‘पाचपाखाडी’ आहे आणि तिच्या खालच्याच जाहीर नोटिशीत ‘पांचपाखाडी’. तुमच्याकडे मुद्रितशोधन हे काम उरले आहे की नुसती खुर्ची, कल्पना नाही. आमचे अपील अजून बाकी आहे, म्हणून दोन्ही कात्रणे कापून ठेवली आहेत.

आपला,
एक वाचक
पाचपाखाडी (बिनटिंबाची), ठाणे