‘रूल’चे ‘रूळ’ झालेल्या आठ टी-शर्टांच्या परताव्याबाबत तक्रार

कोथरूड, पुणे
दिनांक : ८ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, टी-शर्ट छपाई

विषय : उशिरा आलेला व चुकीचा छापलेला माल, ४,०९२ रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या ग्राहक सेवेचे २ डिसेंबरचे उत्तर मिळाले. त्यात लिहिले आहे की, ‘ज्या व्यक्तीच्या नावाने शर्ट छापले ती व्यक्ती न आल्याने ग्राहक माल परत करू पाहत आहेत, सबब परतावा देता येणार नाही.’ ज्यांनी हे लिहिले त्यांनी माझी ऑर्डर उघडून पाहिलेली दिसत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. थोडे लांबेल.

मी अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात शिकले. तिथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो. खेळतात कॉलेजची मुले, पण त्यांच्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणूस बसतो आणि गावात सामन्याच्या दिवशी दुसरे काही घडत नाही. आम्ही सातजण आता पुण्यात नोकऱ्या करतो आणि शनिवारी रात्री एकाच्या घरी जमून सामना बघतो. गेल्या ११ ऑक्टोबरला आम्ही घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून २२-२१ असे हरलो. त्याच्या आदल्या आठवड्यात यूसीएलए विद्यापीठाच्या संघाने हरवले होते, ज्यांनी तोवर एकही सामना जिंकला नव्हता. त्याआधी ओरेगॉन, दोनदा जादा वेळ होऊन. हंगाम सुरू झाला तेव्हा आम्ही देशात दुसऱ्या नंबरवर होतो. रविवारी रात्री बातमी आली : प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढले.

बारा हंगाम, १०४ विजय, ४५ पराभव. एवढे जिंकणाऱ्याला काढतात का, असे माझ्या सासूबाईंनीही विचारले. काढतात, कारण पहिल्या दहातल्या संघांपुढे त्यांचा हिशोब ४ विजय, २१ पराभव असा होता. करार २०३१ पर्यंतचा असल्याने काढण्याची किंमत ४९ दशलक्ष डॉलरच्या आसपास सांगत होते, म्हणजे आपले चारशे कोटींच्या वर. (नोव्हेंबरात ते व्हर्जिनिया टेकला गेले आणि ९ दशलक्षांवर मिटले. तडजोड कशी करतात ते आपणही बघावे.) मला स्वतःला वाईट वाटले. २०१६ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या नंबरवरच्या ओहायो स्टेटची किक आमच्या मुलाने अडवली, दुसऱ्याने चेंडू उचलून साठ यार्ड पळवला, तेव्हा मी विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये होते. शेजारच्या अनोळखी मुलीने मला मिठी मारली आणि तिच्या हातातले कोको माझ्या एकुलत्या एका जॅकेटवर सांडले. तो डाग अजून आहे. तो सामना जिंकून देणारे प्रशिक्षक हेच.

असो. त्या रात्रीपासून पुढचा कोण, यावर आमच्यात तीन गट पडले. पहिला मॅट रूल यांचा. ते नेब्रास्काचे प्रशिक्षक, पण खेळले पेन स्टेटकडून, आणि आमचे क्रीडा संचालक पॅट क्राफ्ट यांची नि त्यांची टेंपल विद्यापीठापासूनची ओळख. दुसरा कर्ट सिग्नेटी यांचा. जन्म पिट्सबर्गचा, आणि इंडियानासारख्या वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघाला त्यांनी २०२४ मध्ये ११ सामने जिंकून दिले. तिसरा, म्हणजे माझा, टेरी स्मिथ यांचा. फ्रँकलिन गेल्यावर हंगामी प्रशिक्षकाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली होती. तेही तिथलेच जुने खेळाडू. भांडून आवाज बसले. शेवटी ठरले की प्रत्येक गटाने आपापले शर्ट छापायचे आणि २५ ऑक्टोबरच्या फराळाला घालायचे. त्या शनिवारी संघाला सुट्टी होती.

म्हणून १४ ऑक्टोबरला आपल्याकडे २१ शर्टांची ऑर्डर दिली. नेव्ही ब्लू कापड, पांढरी देवनागरी अक्षरे, नग ४४९ रुपये. ८ शर्टांवर ‘रूल साहेब, घरी या’, ७ वर ‘सिग्नेटी, सही करा’, ६ वर ‘आपला टेरी’. २४ तारखेच्या आत हमखास पोचावेत म्हणून तातडीचे ५०० रुपये वेगळे भरले.

दुसऱ्या दिवशी आपल्या डिझाइन विभागातून एका मुलाचा फोन आला. ‘मॅडम, सिग्नेटी हा ब्रँड आहे का? असेल तर परवानगीचं पत्र लागेल.’ मी म्हटले, आडनाव आहे. मग तो म्हणाला, ‘आणि हे रूल?’ तेही आडनावच, मी सांगितले, ल लसणाचा. दोनदा सांगितले. १६ तारखेला त्याने व्हॉट्सॲपवर नमुना पाठवला, त्यात लसणाचाच ल होता, मी ‘ओके’ लिहिले. तो नमुना सोबत जोडला आहे.

१७ तारखेला सकाळी उठले तर बातमी : सिग्नेटींनी सही केली, पण इंडियानाच्याच कागदावर, आठ वर्षांची. मी लगेच फोन करून ते सात शर्ट रद्द करता येतील का विचारले. आपल्या माणसाने सांगितले, ‘माल प्रेसवर चढलाय.’ मी मुकाट्याने ठेवला फोन. अंदाज आमचा चुकला होता.

माझा प्रश्न एवढाच आहे की १७ ऑक्टोबरला प्रेसवर चढलेला माल उतरायला ३ नोव्हेंबर का उजाडला? दिवाळीची सुट्टी म्हणाल, तर २४ ची तारीख आपणच दिवाळी कॅलेंडरवर बघून दिली होती. फराळाला चकल्या आल्या, चिवडा आला, शर्ट आले नाहीत. ३० ऑक्टोबरला रूल यांनी नेब्रास्काशी २०३२ पर्यंतचा करार वाढवून घेतला आणि त्यानंतर चार दिवसांनी आपले खोके दारात आले.

खोके उघडले. वरचाच शर्ट हातात घेतला. पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : ‘रूळ साहेब, घरी या’. आठच्या आठ तसेच. आमच्या रूल गटाच्या पुढाऱ्याचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी एक मागून घेतला, तेवढेच समाधान.

आपण आता ‘रूल’ असे दुरुस्त करून पुन्हा छापून द्यायला तयार आहात. ते घालून आम्ही २०३२ पर्यंत वाट बघायची का? वीस टक्क्यांचे कूपनही नको. त्यावर ३१ डिसेंबर ही मुदत घातली आहे, आणि आपल्याकडच्या मुदतीचा अनुभव मी घेतला आहे.

सिग्नेटींच्या सात शर्टांचे पैसे मी मागत नाही. छपाई नमुन्याप्रमाणे आहे, नशीब आमचे. टेरीचे सहा उशिरा आले तरी उत्तम निघाले; २२ नोव्हेंबरला रूल यांचाच नेब्रास्का संघ पाहुणा म्हणून आला, तेव्हा रविवारी पहाटे आम्ही तेच घालून बसलो होतो आणि ३७-१० असे जिंकलो. कापडाला चार धुण्यांत काही झालेले नाही, हेही नोंदवते. टेरींना पद मिळाले नाही. गेल्या शुक्रवारी आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल यांचे नाव जाहीर झाले, जे आमच्या सातांपैकी एकाच्याही तोंडून कधी निघाले नव्हते. त्याचाही दोष आपल्याला देत नाही.

‘रूळ’ छापलेल्या ८ शर्टांचे ३,५९२ आणि न पाळलेल्या तारखेसाठी घेतलेले ५००, असे मिळून ४,०९२ रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यात परत करावेत. त्या आठांपैकी सात शर्ट न वापरता घडी घालून ठेवले आहेत, केव्हाही माणूस पाठवून न्यावेत. आठवा रेल्वेवाल्या काकांकडे आहे आणि ते तो देणार नाहीत. हवे तर त्याचे ४४९ वजा करा. रक्कम न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. नमुन्यातला ल आणि शर्टावरचा ळ शेजारी शेजारी ठेवले की तिथे फार बोलावे लागणार नाही.

आपली ग्राहक

सोबत : ऑर्डरची पावती, १६ ऑक्टोबरचा मंजूर नमुना, शर्टाचा फोटो, पोच पावती