आई, दूध कमी नव्हतं

सांगली,
रविवार रात्र

ती. आई, ती. तात्या,
सा. न. वि. वि.

बाळ आत्ताच झोपलंय. फोनवर बोलायला गेले की आपण दोघी रडतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितेय.

बाविसाव्या दिवशी बाळंतीण माहेरचा उंबरा ओलांडते का, असं तू म्हणाली नाहीस. ओटी भरलीस आणि आत गेलीस. गाडी पाचवडला येईस्तोवर मी रडत होते. पण मी रागावून आले नाही, आई. बोंडल्यावरून तर मुळीच नाही. त्या रात्री मला दोन तास डोळा लागावा म्हणूनच तू बाळाला गाईचं दूध घातलंस, हे मला कळत नाही का?

इथल्या बाईंनी, म्हणजे पाजायचं शिकवतात त्या सिस्टरांनी, मला समोर बसवून सगळं समजावलं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. वरचं दूध पोटात गेलं की ते कमी ओढतं, मग अंगावरचं कमी होतं, मग आपण म्हणतो ‘पुरत नाही’ आणि आणखी वरचं देतो. संध्याकाळी तो सारखा मागायचा ना, तेही दूध पुरत नव्हतं म्हणून नव्हे. या वयाची बाळं तिन्हीसांजेला अशीच तासन्‌तास चिकटून असतात. माझ्या चिरासुद्धा तो नुसतं बोंड तोंडात धरायचा म्हणून पडल्या होत्या. आता त्याचं तोंड मोठं उघडलं की भोवतीच्या काळ्या भागासकट देते, हनुवटी टेकवून. चार दिवसांत दुखायचं थांबलं. वाईच्या घरात मला हे शांतपणे शिकता आलं नसतं. रोज बघायला येणारी माणसं, प्रत्येकीचा एक सल्ला, आणि कुणाला ‘नंतर या’ म्हणणं तुझ्या स्वभावात नाही.

जन्माला २.९ किलो, चौथ्या दिवशी २.७ झाला तेव्हा तू देव पाण्यात ठेवलेस. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच. तेराव्या दिवशी भरून निघालं, आणि काल ३.८ भरलं! दिवसाला सहा-सातपेक्षा जास्त लंगोट ओले करतो. पोट भरतंय की नाही, ते यावरून ओळखायचं.

दादाच्या वेळचं मावशीनं मला सांगितलं. सव्वा महिना झाला नाही तोच तू चुलीपुढे, नऊ माणसांच्या भाकऱ्या, दादा ओसरीवर रडतोय आणि आत्याबाई बोंडल्यानं पाजतायत. ‘हिचं दूध पातळ आहे’ हे त्याच वेळचं ना? आई, दूध कमी नव्हतं. तुला कुणी बसू दिलं नाही. आणि त्याच तुझ्या हातांनी माझ्या बाळाला पहिल्या तासात माझ्या छातीशी लावलं. ‘चीक काढून टाका’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना तूच दाराबाहेर थांबवलंस. त्या पिवळ्या चिकात रोगाशी लढायची शक्ती असते, जुलाब आणि न्यूमोनियापासून बाळ वाचतं, असं सिस्टर म्हणाल्या, तेव्हा मी अभिमानानं तुझं नाव सांगितलं.

माझी काळजी करू नका. समीर रात्री उठून बाळाला माझ्याकडे देतो, ढेकर काढतो, लंगोट बदलतो. सासूबाई सकाळी गरम भाकरी, शेपू, लसूण-खोबरं देतात. तुझ्यासारखी हळीवाची खीर मात्र त्यांना जमत नाही, ती मला हवीच आहे. मालिशवाली येते, शेकशेगडी होते, खिडकीजवळ पाठीला उशी लावून बसते. रजा २६ आठवड्यांची आहे. पुढे ऑफिसला जाताना दूध काढून ठेवीन, सगळं ठरवलंय.

आता थोडं ऐका. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, उन्हाळा असला तरी पाणीसुद्धा नाही. दुधात बहुतेक पाणीच असतं. गुटी नको. आणि तात्या, तुम्ही महाबळेश्वरहून आणलेला मध तुम्हीच खा. मधातल्या एका जिवाणूच्या बीजांनी बाळाला विषबाधा होऊ शकते, वर्ष होईपर्यंत त्याला बोटही लावायचं नाही. मला चाटवला होता आणि मी धडधाकट आहे, हे मान्य, तरी नको. उष्टावण मात्र वाईलाच, ढोल्या गणपतीला नमस्कार करून, आई, तुझ्या हातच्या मऊ भातानं. त्यानंतरही दोन वर्षांपर्यंत पाजायचं मनात आहे. मलाही त्याचा फायदा आहे, पुढं स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.

आई, गुडघ्याच्या गोळ्या बंद करू नकोस. तात्या, बीपीची गोळी सकाळीच घ्या आणि टाकीवर चढू नका.

पुढच्या शनिवारी दोघंही या. माझ्यासाठी डिंकाचे लाडू आणि तुझ्या जुन्या लुगड्याची ती निळी गोधडी आण. लहानपणी ताप आला की तू त्यात मला गुंडाळायचीस, तिचा वास अजून आठवतो. कराडला एसटी थांबली की तात्यांना चहाला खाली उतरू देऊ नकोस, मागच्या वेळी गाडी सुटता सुटता राहिली. स्टँडवर समीर येईल.

तुमची,
बेबी